पारिजातकाचा एक कोपरा

"सोनियाबेटा, छेद कापायलीस का भाकरी थापायलीस?"

प्रयोगशाळेतल्या शिपाई शौकतभाईंनी बशीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या चकत्यांकडे वाकून पाहिलं. सोनियानं मान वर केली नाही. डाव्या हाताच्या चिमटीत पारिजातकाची कोवळी फांदी उभी धरलेली होती, उजव्या हातात ब्लेड. तिनं ब्लेड पाण्यात बुडवलं आणि फांदीवरून स्वतःकडे ओढलं. आणखी एक चकती पाण्यात पडली. तीही जाडच.

"मायक्रोस्कोपखाली घालून बघते," ती म्हणाली. "काहीतरी दिसेलच."

"दिसेल ना. अंधार दिसेल."

शेजारच्या टेबलावर श्रेया हसली. सोनियालाही हसू आलं, कारण ते खरं होतं. खोडाचा आडवा छेद इतका पातळ हवा की त्यात पेशींचा एकच थर असावा. तरच खालून येणारा उजेड आरपार जातो आणि आतली रचना दिसते. दोन-चार थर एकावर एक आले की नुसता काळा डाग.

वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं सत्र संपत आलं होतं. लेखी पेपरांत सोनिया काकडे वर्गात पहिली असायची. पण तिच्या हाताला छेद येत नव्हता. बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांतली प्रॅक्टिकल्स तिनं लॉकडाउनमध्ये करमाडला, घराच्या गच्चीवर रेंज शोधत मोबाइलवर पाहिली होती. पडद्यावर अंगठ्याएवढा हात यायचा, अंगठ्याएवढ्या हातातलं ब्लेड हलायचं, आणि सर विचारायचे, "कळलं ना?" सगळे अंगठ्याचं चित्र पाठवायचे. तिसऱ्या वर्षी तयार स्लाइडच मिळाल्या. तिनं खरं ब्लेड हातात धरलं ते एम.एस्सी.ला आल्यावर. तोवर हे सगळ्यांना येतंच असं धरून शिकवणं पुढे गेलं होतं.

करुणा मॅडम आत आल्या. खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवून त्यांनी सोनियाच्या हातातलं ब्लेड घेतलं. या विभागात त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवतील तितक्याच तासांचे पैसे. हे त्यांचं असं बारावं की तेरावं वर्ष. त्यांनी ब्लेड ओलं केलं, फांदीवरून एकदाच ओढलं. पाण्यात काही पडलं असं वाटलंच नाही. बशी हलली तेव्हा पाण्यावर काहीतरी आहे एवढं कळलं.

"दाबू नकोस, ओढ," त्या म्हणाल्या. "आणि परीक्षेची काळजी करू नकोस. त्या दिवशी शौकतभाई बघतील."

याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी करुणा मॅडम यादीतल्या प्रत्येक वनस्पतीचा छेद स्वतः कापत, रंगवत आणि झाकणाच्या लहान काचबशांत ग्लिसरीनमध्ये ठेवत. परीक्षेत ज्याला जी वनस्पती येई, त्याच्या शेजारी शौकतभाई पाण्याचा ड्रॉपर ठेवता ठेवता ती काचबशी ठेवून जात. बाहेरून आलेल्या परीक्षकांना हे ठाऊक असे. त्यांच्याकडेही तसंच चाले. याला कुणी कॉपी म्हणत नसे. याला मदत म्हणत.

"मॅडम दरवर्षी पहिल्या येतात," शौकतभाई म्हणायचे. "नाव तेवढं पोरांचं असतं."

मॅडम या विनोदावर कधी हसत नसत, आणि रागावतही नसत.

"तू फक्त पहिली ये," त्या आज सोनियाला हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला शिकवणारा सत्यम सोडून चाललाय, त्याची जागा रिकामी होतेय. इथं आता पहिल्या आलेल्यालाच तासिकेवर घेतात, तुला माहितीये. जुलैमध्ये तू टेबलाच्या या बाजूला उभी असशील. पुढच्या पोरांचा हात तूच बसवायचास."

सोनियाला गेली दोन वर्षं हीच जागा हवी होती. ही खोली, या खिडकीतला उजेड, फळ्यावर आकृती काढायची आणि पोरांना मायक्रोस्कोपमध्ये डोकावायला लावायचं. तरी त्या संध्याकाळी करमाडच्या एसटीत बसल्यावर तिला मॅडमचं शेवटचं वाक्यच आठवत राहिलं. पुढच्या पोरांचा हात तूच बसवायचास. तिनं स्वतःची बोटं पाहिली. त्यांवर ब्लेडच्या बारीक रेघा होत्या आणि एकाही रेघेच्या बदल्यात अजून नीट छेद आलेला नव्हता.

घराशेजारी लक्ष्मीकाकूंच्या अंगणात पारिजातक होता. पुढचे दिवस सोनिया सकाळी त्याच्याखाली दिसू लागली. हिरव्या, कोवळ्या, चौकोनी फांद्या ती निवडून घ्यायची. पारिजातकाचं खोड गोल नसतं, त्याला चार कोपरे असतात, आणि प्रत्येक कोपऱ्यात नळ्यांचा एक जुडगा असतो. बहुतेक झाडांच्या जुडग्यात पाणी वाहणारा भाग आतल्या बाजूला असतो. पारिजातकाच्या या चार जुडग्यांत तो बाहेरच्या बाजूला. आकृती ती डोळे मिटून काढू शकत होती. स्वतः कापलेल्या छेदात तिनं ती कधी पाहिली नव्हती.

"चंपे, तुझ्या पोरीला आवर," लक्ष्मीकाकूंनी कुंपणावरून आवाज दिला. "माझं झाड न्हाव्याकडं जाऊन आल्यावानी दिसायलंय. श्रावणात देवाला काय घालू?"

"काकू, फुलं नाही तोडत, फांद्याच घेते."

"आन् फुलं काय हवेत लागत्यात व्हय?"

आईनं, चंपाबाईनं, काकूंना वाटीभर दही देऊन शांत केलं. पण तिचीही तक्रार होतीच. सोनिया भाजी चिरायला बसली की भाजी उरत नसे.

"भेंडी कुठंय?" अण्णांनी ताटात बोट फिरवत विचारलं.

"त्या तेलात बघा. सोनीनं चिरलीया. घावली तर घावली."

सर्जेराव, म्हणजे अण्णा, शेंद्र्याच्या एका कंपनीच्या गेटवर होते. जमीन रस्त्यात आणि प्लॉटात गेल्यावर त्यांनी गणवेश घातला होता आणि आता त्यांना तो आवडूही लागला होता. कंपनीच्या प्रयोगशाळेत एक जागा होती. साहेबांनी स्वतः विचारलं होतं.

"बस दारात येती," अण्णा म्हणाले. "एसी लॅब. तुझ्या कॉलेजात काय? तासावर घ्यायचं, तासावर काढायचं."

"व्हय अण्णा. पन मला शिकवायचंय."

"मी कुठं नाय म्हनलो? पहिली आलीस तर शिकव. नायतर कंपनीच्या बसमधी बस. घरी बसून झाडं तासू नको, एवढंच म्हननं हाय."

"पहिली येईल की ती," आई म्हणाली. "तिच्या मॅडमनं सांगितलंय."

जेवण झाल्यावर सोनिया ओट्याशी उजेडाला बसली. घरी मायक्रोस्कोप नव्हता, म्हणून तिनं एक रीत काढली होती. चकती ओल्या कुंचल्यानं उचलायची आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायची. खालचं अक्षर वाचता आलं तर छेद चांगला.

"आता पेपर बी भाजीतून वाचायची का?" आईनं भांडी उपडी घालत विचारलं.

बरेच दिवस एकही अक्षर वाचता आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखतोय, आणि श्वास रोखला की मनगट ताठ होतंय. तिनं श्वास सोडायला सुरुवात केली. मनगट सैल झालं, पण शेवटी वळायचं. चकत्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ येऊ लागल्या, पाचर असते तशा. एका संध्याकाळी अशा पाचरीच्या पातळ कडेखाली तिनं 'सोयाबीन' मधलं 'बी' वाचलं. पुढचं 'न' अंधारातच होतं.

तिनं आईला हाक मारून दाखवलं.

"दिसतंय की," आई म्हणाली. "मंग? झालं का आता?"

"एका बाजूला झालंय."

"हळूहळू दुसरी बाजू बी हुईल. झोप आता."

परीक्षेच्या आदल्या दुपारी सोनिया लॅबमध्ये गेली तेव्हा करुणा मॅडम खिडकीशी बसून छेद कापत होत्या. समोर काचबशा ओळीनं मांडलेल्या. शौकतभाई एकेका बशीवर झाकण ठेवत होते. पारिजातकाचा छेद नुकताच रंगवून झाला होता. ग्लिसरीनमध्ये तो गुलाबी चौकोन चारही कोपऱ्यांसह सपाट पडला होता. सोनिया तो पाहत राहिली. इतकी नीट गोष्ट तिनं फार थोड्या वेळा पाहिली होती.

"मॅडम, माझ्यासाठी काच ठेवू नका."

मॅडमचं ब्लेड थांबलं. "का? येतोय का तुला आता?"

"एका बाजूला येतो."

"एका बाजूला म्हणजे येत नाही." त्यांनी ब्लेड पुसून खाली ठेवलं. "शौकतभाई, जरा चहाचं बघता?"

शौकतभाई बाहेर गेले, पण फार लांब गेले नाहीत. त्यांच्या चपलांचा आवाज दाराशीच थांबला.

"तू मला चोर म्हणतेयस का, सोनिया?"

"नाही, मॅडम."

"मग ऐक. माझ्या परीक्षेत मी स्वतः कापला होता. अर्धाच आला. शेजारच्या मुलाला त्याच्या सरांनी दिला होता, पूर्ण. तो पहिला आला, चिकटला, कायम झाला. आज दुसऱ्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. भेटला की अजून विचारतो, तू तासिकेवरच का गं? त्यानंतर मी इतकी वर्षं फक्त हेच कापत बसले. हात बसला, पण जागा गेली ती गेलीच. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांचं छेदावाचून अडू द्यायचं नाही."

हे सोनियाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोलायला आणखी अवघड गेलं असतं.

"मॅडम, सत्यम सर पहिले आले होते."

"हो. मग?"

"त्यांनी आम्हाला छेद कधी कापून दाखवला नाही. व्हिडिओ दाखवला. लॉकडाउन संपून वर्षं झाली तरी आम्ही व्हिडिओच पाहिला. मला तेव्हा राग यायचा. आता कळतं की त्यांना येतच नव्हतं. त्यांना तरी कोण दाखवणार होतं?" तिनं आवाज वाढवला नाही. "जुलैमध्ये तुम्ही मला इथं उभं करणार. पोरं म्हणतील, मॅडम, करून दाखवा. तेव्हा पण शौकतभाई काच आणतील का?"

दाराशी चपला किंचित सरकल्या.

"अगं, आधी जागा मिळव," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता विनवणीचा झाला होता. "मग वर्षभरात शीक. मी आहे ना. रोज बसवते तुला."

"जागा मिळाल्यावर कुणी शिकत नाही, मॅडम."

मॅडमनी ब्लेड पुन्हा उचललं, पुढची फांदी चिमटीत धरली. "तुझी काच मी ठेवणार," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "हात लावायचा का नाही ते तुझं तू बघ. पण मी ठेवणार."

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. स्थूल, पांढऱ्या केसांचे, सौम्य गृहस्थ. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि सगळ्यांना एकेक उचलायला सांगितलं. सोनियाची चिठ्ठी उघडली तर पारिजातक. श्रेयाला एक वेल आली होती. तिनं भुवया उडवून सोनियाला विचारलं, काय? सोनियानं बोटांनी हवेत चौकोन काढला.

तिनं फांदी घेतली, ब्लेड ओलं केलं, श्वास सोडला आणि ओढलं. जाड. पुन्हा. तुटला. पुन्हा. बशीतलं पाणी चकत्यांनी भरत गेलं. एकदा ब्लेड बोटात घुसलं, तिनं बोट तोंडात धरलं आणि रुमालाची चिंधी बांधली. शौकतभाई ड्रॉपर घेऊन आले. तिच्याकडे न बघता त्यांनी ड्रॉपर ठेवला, शेजारी काचबशी ठेवली आणि पुढे गेले. झाकणातून चार कोपऱ्यांचा गुलाबी चौकोन दिसत होता.

एवढंच करायचं होतं. झाकण काढायचं, कुंचल्यानं उचलायचा, काचपट्टीवर ठेवायचा. श्रेयानं ते केलंही होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कारण तिनं काही वेगळं केलेलं नव्हतं. सोनियाला तिचा राग आला नाही. तिला त्या चौकोनाची ओढ वाटली, तहान लागल्यावर पाण्याची वाटते तशी. तिनं काचबशी टेबलाच्या कडेला सरकवली आणि पुन्हा ब्लेड ओलं केलं.

शेवटी जो छेद तिनं निवडला तो पाचरच होता. एका बाजूला जाड, काळपट. दुसरी बाजू मात्र पाण्यात दिसेनाशी झाली होती. तिनं तो रंगवला, धुतला, काचपट्टीवर घेतला आणि वर पातळ काच हवेचा बुडबुडा न अडकवता टेकवली. मग डोळा लावून बारीक चाक फिरवलं.

बराचसा अंधार होता. अंधाराच्या कडेला एक कोपरा उजळला. त्यात जुडगा होता, एकेक पेशी वेगळी, भिंती गुलाबी. आणि पाणी वाहणारा भाग खरोखरच बाहेरच्या बाजूला होता. हे तिनं किती वेळा लिहिलं होतं. आता ते तसं आहे असं तिला दिसलं. तिनं डोळा काढला, पुन्हा लावला. तो तिथंच होता.

तिनं पेन्सिल घेतली आणि उत्तरपत्रिकेवर तो एक कोपरा काढला.

परीक्षक टेबलाटेबलाशी थांबत आले. करुणा मॅडम त्यांच्यामागे होत्या.

"हे काय?" त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं. "पारिजातकाला एकच कोपरा असतो?"

"चार असतात, सर. माझ्या छेदात एकच दिसतो."

"मग आकृती पूर्ण काढायची ना, बाळ. पाठ असेल की तुला. सगळे काढतात."

"पाठ आहे, सर. पण बाकीचे तीन मी पाहिले नाहीत."

परीक्षकांनी चष्मा नाकावर चढवला. त्यांची नजर कडेच्या काचबशीवर गेली. "आणि हे?"

"ते माझं नाही, सर."

करुणा मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. परीक्षक वाकले आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. ते अपेक्षेपेक्षा बराच वेळ वाकलेले राहिले. एकदा त्यांनी चाक फिरवलं, मग उलट फिरवलं.

"हा तू कापलास?"

"हो."

"कोपरा स्वच्छ आहे. जुडगा उलटा का असतो, सांग."

तिनं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग सरळ झाले आणि चष्मा पुन्हा दोरीवर सोडला.

"उत्तर उत्तम आहे. पण छेद अपूर्ण आहे. गुण छेदाला असतात, कष्टाला नसतात. हे तुला कळतं ना?"

"कळतं, सर."

त्यांनी मान हलवली. तिच्या बांधलेल्या बोटाकडे एकदा पाहिलं आणि ते श्रेयाच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी परीक्षक पोहे आणि चहा घेऊन निघून गेले. मुलं पांगली. सोनिया आपली बशी धूत बेसिनशी उभी होती. करुणा मॅडम मागून आल्या.

"गुणपत्रक सीलबंद झालं," त्या म्हणाल्या. "आधीचे लेखी गुण धरून बेरीज मी केलीये. श्रेया पहिली. तू दुसरी."

सोनियानं नळ बंद केला. "हो."

"थोड्यासाठी गेलं."

"हो, मॅडम."

"रडायचं असेल तर रड. शौकतभाई काही बघत नाहीत."

"मी तर आंधळाच आहे," शौकतभाई कपाटाजवळून म्हणाले.

सोनिया रडली नाही, पण तिनं धुतलेली बशी पुन्हा एकदा धुतली. अण्णांना सांगायचं होतं. लक्ष्मीकाकू विचारणारच होत्या की झाडाची एवढी हजामत केली ती कशासाठी.

"शेंद्र्याला जाशील?"

"जाईन. सोमवारी या म्हणालेत."

"सुट्टी कधी असते त्यांची?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी दुपारी ही खोली रिकामी असते," मॅडम म्हणाल्या. "ये. शेवटी तुझं मनगट वळतंय, म्हणून पाचर येते. ते एकदा सुटलं की चारही कोपरे येतील." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "श्रेयाही येणारेय. आत्ता जाताना तिनंच विचारलं. म्हणाली, जुलैमध्ये पोरांनी करून दाखवा म्हटलं तर मी काय करू?"

"येते मी. फांद्या घेऊन येते," सोनिया म्हणाली. "काकू शिव्या देतील, पण आणते."

तिनं पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात शौकतभाई ती काचबशी घेऊन आले. झाकण अजून तसंच होतं.

"मॅडम, याचं काय करू? ओतून देऊ?"

मॅडमनी बशी हातात घेतली. मग ड्रॉवर उघडून रंगहीन नेलपॉलिशची बाटली काढली. छेद जपायचा असला की त्या काचेच्या कडा त्यानं बंद करत. सोनियाची काचपट्टी अजून मायक्रोस्कोपवरच होती. मॅडमनी आधी तिला डोळा लावला. चाकाला हात न लावता त्या पाहत राहिल्या, कारण ते कोपऱ्यावरच थांबलेलं होतं. मग पट्टी काढून चारही कडांवरून नेलपॉलिशचा कुंचला फिरवला, कडेला चिठ्ठी चिकटवली आणि पेन्सिलनं लिहिलं: पारिजातक, खोड. सोनिया काकडे.

मग त्यांनी झाकण काढलं. गुलाबी चौकोन अलगद उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवला, काच टेकवली, कडा बंद केल्या. चिठ्ठीवर 'पारिजातक, खोड' लिहिलं. पेन्सिल थोडी थांबली. मग त्याखाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, जणू त्याची सवय नसावी.

दोन्ही पट्ट्या त्यांनी ट्रेमध्ये शेजारी शेजारी वाळायला ठेवल्या. शौकतभाईंनी वाकून नावं वाचली. त्यांनी उरलेल्या काचबशा धुतल्या आणि एकेक पुसून फडक्यावर उपड्या मांडल्या.